कोळशाच्या रेक कमी झाल्यावर खान्देशच्या रुळांवर काय धावणार?

तापीकाठ:
विदर्भातला कोळसा बडनेऱ्याकडून भुसावळला येतो. त्यातला काही दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात उतरतो, काही पुढे नाशिकजवळच्या एकलहरे वीजकेंद्राला जातो. जळगाव-सुरत मार्गावर गुजरातमधल्या उकाई वीजकेंद्राचा कोळसा असतोच. दीपनगरचे ५०० मेगावॅटचे दोन संच पूर्ण भाराने चालवायचे तर ढोबळमानाने रोज चार रेक, म्हणजे चार अख्ख्या मालगाड्या, लागतात. त्यांना वाट द्यायला आपली पॅसेंजर लूपलाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, थांबून राहते. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळसा वेळेत पोचावा म्हणून देशभर प्रवासी गाड्यांच्या फेऱ्या रद्द झाल्या होत्या.

हे असंच चालणार नाही. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा) स्रोतांचा झाला. साक्री तालुक्यात दीपनगर चालवणाऱ्या महानिर्मिती या सरकारी कंपनीचाच १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. ऊन आणि वारा रेल्वेने आणावे लागत नाहीत. शिवाय जळगाव-मनमाड चौथी, भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी आणि वर्धा-भुसावळ तिसरी-चौथी लाइन मंजूर झालीय. रुळांवर जागा होणार हे नक्की. ती केळी, मका, कापसाच्या गाठींसाठी आपण आत्ताच मागितली नाही, तर बंदरांचे कंटेनर आपल्या दारावरून न थांबता निघून जातील.

सायडिंगवाला, दीपनगर:
भाऊ, कोळसा कमी होतोय कुठे? २०२४-२५ मध्ये देशाचं उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं. दीपनगरला ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला, तो काय रिकामा ठेवायला? क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली नाही. संध्याकाळी सात वाजता साक्रीचे पॅनेल काय देणार?

दुसरं, पैशाचं बोला. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा आहे. प्रवासी गाड्यांचा तोटा मालभाड्यातून भरून निघतो. कोळसा गेला तर तुमच्या पॅसेंजरचं तिकीट आजच्या दरात राहील का, ते आधी सांगा.

केळीवाला, रावेर:
दोघंही माल बघताय, डबा कोणी बघत नाही. कोळशाचे डबे उघडे. त्यात गिट्टी जाईल, केळी जाणार नाही. केळीला बंद, हवा खेळती राहणारे डबे लागतात.

रावेर, निंभोरा, सावद्याहून केळी रेल्वेनेच दिल्लीला जायची. शेतकरी ट्रककडे हौसेने वळला नाही. ट्रक बांधापर्यंत येतो, व्यापारी भाव ठरवतो, घड कापले की संध्याकाळी गाडी रवाना. रेक भरायची तर एकाच दिवशी कितीतरी बागांची कापणी जुळवावी लागते आणि रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत ट्रॅक्टर वेगळा. एवढं करूनही गाडी कुठल्या दिवशी पोचेल ते कोणी लिहून देत नाही. उन्हाळ्यात एक दिवस उशीर झाला तरी माल पिकून मातीमोल. रूळ मोकळे झाले म्हणून हे आपोआप सुटणार नाही.

तापीकाठ:
अप्पा, पोचण्याची वेळ हाच माझा मुद्दा. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर किसान रेल (शेतमालाची खास गाडी) सुरू झाली, ती आपल्या भुसावळवरूनच गेली. वेळापत्रकाने धावणारी मालगाडी रेल्वेला जमते, हे तिने दाखवलं. फक्त तिची भिस्त निम्म्या भाड्याच्या अनुदानावर होती. डिसेंबर २०२१ पासून गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं, म्हणजे रेल्वेमार्गाला जोडून मालाची टर्मिनल उभारू देण्याचं, धोरण आहे. केळी उत्पादक कंपन्यांनी मिळून पॅकहाउस आणि शीतगृहासह एक टर्मिनल मागावं. कापणी जुळवायचं काम तिथे होईल.

सायडिंगवाले भाऊ, तिकिटाचा तुमचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच दुसरा माल आधी तयार हवा. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद केलं. आपल्याकडे ती वेळ उशिरा येईल, पण मालधक्का आणि टर्मिनल उभं करायलाही वर्षं लागतात.

राखेच्या गावचा:
रेक, भाडं, कंटेनर सगळं बोललात. वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात साठवलेल्या दीपनगरच्या कोळशाच्या राखेचं कोणी बोललं नाही. वारं सुटलं की पिकावर, पाण्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख. कोळसा कमी झाला तर आम्हाला आनंदच आहे. पण साठलेली राख सिमेंटवाल्यांकडे बंद डब्यांतून रेल्वेने नेता येते, ती रस्त्याने बल्करमधून (टाकीच्या ट्रकमधून) का? मोकळ्या रुळांवर पहिला हक्क तिचा.

निवृत्त गार्ड, भुसावळ:
राखेबाबत पूर्ण सहमत. कंटेनरबाबत नाही. भुसावळला कर्मचारी बदलतात, इंजिनांची देखभाल होते, यार्ड चालतं. न थांबणारी म्हणता ती गाडीही इथल्या पोरांच्या नोकऱ्या टिकवते. कोळशाची गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी. कंटेनरला दोन्हीकडून माल मिळू शकतो. केळीच्या हट्टापायी ते नाकारू नका.

तापीकाठ:
साहेब, नाकारत नाही. जळगावची डाळ आणि पाइप त्याच कंटेनरमध्ये इथेच भरले गेले पाहिजेत, एवढीच अट. नव्या लाइनींचे आराखडे पक्के व्हायच्या आत धक्का कुठे, शेड किती, शीतगृहाला वीज कुठून, हे खासदारांकडे लेखी द्यायला हवं. रावेर-सावद्याच्या बाजूने कापणीचे महिने आणि अंदाजे टन कोणी मांडून देईल का?

केळीवाला, रावेर:
मी देतो. पण मागणीत पोचण्याची वेळ आणि उशिराची भरपाई आधी लिहा, शेड नंतर.