कादंबरीचं प्रकरण स्पर्धेला?
अर्धवट कादंबरीतलं एक प्रकरण कथास्पर्धेला पाठवू का, असं एकानं विचारलंय. माझं मत, नको. प्रकरण पुढच्या पानाच्या भरवशावर थांबतं. कथेला ती सोय नसते. त्यापेक्षा कादंबरीतलं एखादं दुय्यम पात्र उचला नि त्याची स्वतंत्र कथा लिहा. सुचत नसेल तर मे महिन्यात गोव्यात, सांगे तालुक्यातल्या कुर्डीला जाऊन या. साळावली धरणात बुडालेलं हे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव पाणी उतरलं की वर येतं. विस्थापित गावकरी सोमेश्वराच्या देवळात, चॅपेलात उत्सवाला जमतात. माझ्या हस्तलिखितातली म्हातारी तिथलीच. (स्पर्धेत तिला कुणी विचारलं नाही, ते सोडा.) आणि स्पर्धेची मुदत आधी बघा; स्पर्धा दिवाळी अंकाची असेल, तर त्या अंकांची जुळवाजुळव पावसातच सुरू होते.