बदामाचा पाचोळा कुजत नाही, त्याबद्दल

एकांनी विचारलंय, की सोसायटीच्या बागेतला पाचोळा खत करायला खड्ड्यात टाकून सहा महिने झाले तरी तो जसाच्या तसा का. आमच्याकडे मुलुंडला हेच झालं होतं. बदामाची पानं! चामड्यासारखी जाड, पापडाच्या चळतीसारखी एकावर एक चिकटून बसतात, मध्ये ना हवा शिरते ना पाणी. आधी त्यांचा चुरा करा. श्रेडर, म्हणजे पाला बारीक करायचं यंत्र, महाग पडतो. आम्ही शेजारच्या दोन सोसायट्यांबरोबर मिळून एक घेतला, महिन्यातून दोन रविवारी तिघांचा पाला एकत्र गोळा होतो.

दुसरं म्हणजे, सुक्या पानांत कार्बन भरपूर, नायट्रोजन नावाला. खताच्या ढिगात साधारण २५ ते ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन लागतो. म्हणून ताजं कापलेलं गवत, भाजीचे देठ, निर्माल्य मिसळा. (निर्माल्यातला दोरा काढणं हेच खरं काम, बाकी सगळं सोपं.) ओल इतकीच, की मूठभर घेऊन पिळलं तर एखादा थेंब यावा. ढीग तीन फूट तरी उंच रचा. चार-पाच दिवसांनी मध्यभागी सळई खुपसून बाहेर काढा, हाताला चटका बसला की समजा कुजणं सुरू झालं, गाडी रुळावर आली. मग आठवड्याला एकदा वरखाली करायचा.

जूनच्या आत वर ताडपत्री टाका. आम्ही पहिल्या वर्षी टाकली नाही, आणि जुलैतल्या वासावरून कमिटीच्या मीटिंगमध्ये जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. जाड फांद्या मात्र ढिगात नकोत, त्या तळाशी हवा खेळायला अंथरा.