कोलाजेन कापणारी एन्झाइमं: कात्रीवरचा खटला किती दिवस चालवायचा?

पेट्रीडिश (धागा काढणारा)

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. सार असं: कर्करोगाच्या गाठीतून ‘कोलाजेन खाणारी’ एन्झाइमं सुटतात, ती पेशींभोवतीचं कुंपण खातात आणि रोग पसरतो, म्हणून ती बंद पाडणारं अमुक चूर्ण घ्या. चूर्णाचं सोडा. पण कुंपणाची गोष्ट त्या माणसाने पाठ्यपुस्तकातूनच उचलली आहे, आणि वर्गात मीही ती वर्षानुवर्षं तशीच सांगितली. आता मला ती अर्धीमुर्धीच खरी वाटते.

आपल्या पेशी कोलाजेन, लॅमिनिन, हायल्युरोनिक आम्ल वगैरेंच्या जाळ्यात बसलेल्या असतात. या जाळ्यातलं कोलाजेन कापणारं एन्झाइम प्राण्यांच्या शरीरात पहिल्यांदा सापडलं ते १९६२ साली, बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. बेडूक होताना शेपटी गळून पडत नाही, जागच्या जागी जिरते. मग तिच्यातलं कोलाजेन जातं कुठे? जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी शेपटीचे तुकडे कोलाजेनच्या दुधट थरावर ठेवले. तुकड्यांभोवतीचा थर विरघळला आणि स्वच्छ गोल उमटले. पावसाळ्यात डबक्यात वळवळणाऱ्या त्या काळ्या स्वल्पविरामांनी आपल्याला हे कुटुंब दाखवलं.

माणसात या कुटुंबाची, म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेजची, २३ भावंडं आहेत. प्रत्येकाच्या पोटात जस्ताचा अणू. काम सुरू होईपर्यंत तो अणू एन्झाइमच्याच एका शेपटाने झाकलेला असतो, आणि वरून टिम्प नावाची चार रोधक प्रथिनं पहारा देतात. पाळीत गर्भाशयाचं अस्तर सुटतं, बाळंतपणानंतर गर्भाशय आकसतं, जखम भरते, हाड वाढतं, या सगळ्यात यांचा हात असतो. चौदा क्रमांकाचं एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांची हाडं वेडीवाकडी होतात आणि ते लवकर मरतात.

१९८० मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदरांतल्या ज्या गाठी जास्त पसरतात, त्या पेशींखालच्या बेसमेंट मेम्ब्रेनचं, म्हणजे चादरीसारख्या पातळ थराचं, कोलाजेन जास्त कापतात. झालं, आरोपी सापडला! मग बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट, प्रिनोमास्टॅट, टॅनोमास्टॅट अशी जस्ताला पकडून बसणारी औषधं आली आणि नव्वदच्या दशकात हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या. मॅरिमास्टॅट घेणाऱ्यांचे खांदे आणि हात आखडले. टॅनोमास्टॅटची चाचणी १९९९ मध्ये थांबवावी लागली, कारण फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात औषधवाले रुग्ण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा लवकर जात होते.

माझं म्हणणं: हा औषधाचा पराभव नव्हता, कल्पनेचा होता. झोडा.

वाचनमात्र

शेंगदाणे घेऊन बसलोय.

औषधवाला

असहमत, आणि जोरात. मी क्लिनिकल ट्रायलच्या धंद्यात आहे, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

ती औषधं दिली कोणाला? ज्यांचा रोग आधीच यकृतात, हाडांत पोचला होता त्यांना. कुंपण तोडून गुरं पार दुसऱ्या गावात गेली आणि आपण कुंपणाला कुलूप लावतोय. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! १९९९ मध्येच डग्लस हॅनाहन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं होतं की बॅटिमास्टॅट गाठ उगवण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांत काम करतं आणि शेवटच्या टप्प्यात करत नाही. म्हणजे वेळ चुकली होती, कल्पना नव्हे.

दुसरं, डोस. सुरुवातीच्या चाचण्यांत मॅरिमास्टॅटचा डोस रक्तातले ट्यूमर मार्कर (गाठीची चाहूल देणारे पदार्थ) किती भरभर चढतात यावरून ठरवला गेला. एन्झाइम गाठीत खरोखर बंद पडलंय का, याचा थेट पुरावा कोणाकडेच नव्हता.

तिसरं, जे बंद करायचं ते सोडून सगळंच बंद केलं. मेन स्विच पाडून ‘फ्रिज बिघडलाय’ म्हणण्यासारखं. आणि तरीही स्वादुपिंडाच्या कर्करोगात ४१४ रुग्णांच्या चाचणीत २५ मिलिग्रॅम मॅरिमास्टॅटवर वर्षभराने २० टक्के जिवंत होते. जेम्सिटाबीन या नेहमीच्या केमोवर १९ टक्के. याला पराभव म्हणता?

पेट्रीडिश

औषधवालेसाहेब, एक आकडा दाखवून दुसरा खिशात ठेवलात. त्याच चाचणीत निम्मे रुग्ण किती दिवस जगले? २५ मिलिग्रॅमवर १२५ दिवस, जेम्सिटाबीनवर १६७.

आणि ‘सगळंच बंद केलं म्हणून फसलं’ हा युक्तिवाद २००० साली चालला असता. पुढे फक्त नऊ क्रमांकाच्या एन्झाइमवर बसणारी अँटिबॉडी आली, अँडेकॅलिक्सिमॅब. जठराच्या कर्करोगात तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. केमोसोबत ती देऊन जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण जितके जगतात तो काळ) १२.५ महिने, नुसत्या केमोवर ११.८. हा फरक संख्याशास्त्राच्या चाळणीतून गेला नाही. स्विच एकच पाडला होता, तरी फ्रिज बंदच.

औषधवाला

तिथेही रोग पुढे गेलेलेच रुग्ण होते! वेळेच्या मुद्द्याला तुम्ही अजून हात लावलेला नाही.

निळी_शाई

मी पॅथॉलॉजी करते, दिवसभर स्लाइडवर डोळे असतात, म्हणून थोडं तिरकं बोलते. तुम्ही दोघंही ‘गाठ एन्झाइम सोडते’ हे गृहीत धरून भांडताय. १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगात स्ट्रोमेलायसिन-३ शोधलं तेव्हा ते बनवणाऱ्या पेशी कर्करोगाच्या नव्हत्याच. गाठीभोवतीचे आपलेच साधे फायब्रोब्लास्ट होते, म्हणजे कोलाजेन विणणाऱ्या पेशी. बरीचशी कात्री शेजाऱ्यांच्या हातातली असते. काही वेळा मॅक्रोफेजच्या, म्हणजे कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या. म्हणजे जखम भरायला आलेली माणसंच तिथे राबत असतात, फक्त जखम भरून संपत नाही.

आणि यांतली काही भावंडं उलट बाजूची आहेत. आठ क्रमांकाचं एन्झाइम नसलेल्या नर उंदरांना त्वचेच्या गाठी जास्त झाल्या, हे २००३ मध्ये दिसलं. बारा क्रमांकाचं एन्झाइम रक्तातलं प्लाझमिनोजेन हे प्रथिन कापून अँजिओस्टॅटिन तयार करतं, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा अडवणारा तुकडा. ही एन्झाइमं नुसती जाळं फाडत नाहीत. जाळ्यात अडकवून ठेवलेले संदेश मोकळे करतात, काही नवे घडवतात. ‘कात्री’ हा शब्दच आपल्याला फसवतोय असं मला वाटतं. टपालखातं म्हटलं तर जास्त जवळ जाईल, पण मग शीर्षकाची मजा जाईल.

औषधवाले, वेळेबद्दल: २००३ मध्ये पीटर फ्रिडल यांच्या गटाने कर्करोगाच्या पेशींची कापणारी एन्झाइमं बंद केली, तर त्या पेशी थांबल्या नाहीत. अमिबासारख्या गोल होऊन जाळ्याच्या फटींतून अंग चोरून पलीकडे गेल्या. २०१९ मध्ये डेव्हिड शेरवूड यांच्या प्रयोगशाळेत एका जंताची अशी पाच कापणारी एन्झाइमं काढून टाकली. तरी त्याच्या अँकर पेशीने (वाढीच्या वेळी हा थर ओलांडणं हे तिचं काम) बेसमेंट मेम्ब्रेन पार केलं. वेळ जास्त लागला, पण ऊर्जा बनवणारे माइटोकाँड्रिया पुढे आणून, अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा रेटा लावून तिने ते अक्षरशः ढकलून फोडलं. दार उघडायला किल्ली नसेल तर खांदा लावायचा. हे सुरुवातीच्या टप्प्यात होणार नाही असं कशावरून?

औषधवाला

हा मुद्दा चांगला आहे, मानतो. पण ‘वेळ जास्त लागला’ हे तुमचंच वाक्य. रुग्णाला तो वेळच हवा असतो ना.

सातारकर_साधा

मंडळी, मला निम्मं कळलं. चुलत्यांना जबड्याचा कॅन्सर आहे. घरात एक जण म्हणतोय पपईचं एन्झाइम घ्या, गाठ विरघळते. वरचं फॉरवर्ड म्हणतंय एन्झाइम बंद करा. नक्की काय करायचं?

पेट्रीडिश

दोन्ही करू नका. पपईतलं पपेन खाल्लं तर इतर प्रथिनांसारखंच बरंचसं पोटात पचतं. गाठीपर्यंत जाऊन ती विरघळवत नाही. चूर्णाबद्दल कोणी काहीही म्हणो, जे काही देणार असाल ते आधी कर्करोगतज्ज्ञांना दाखवा, केमोच्या मध्ये लुडबूड नको. चुलत्यांना बरं वाटो.

दाढदुखी

जबड्याचा विषय निघाला म्हणून इतका वेळ गप्प होते ती बोलते. दंतवैद्य आहे. तुम्ही सगळे ‘कात्री जास्त झाली’ या बाजूने वाद घालताय. माझ्या खुर्चीत रोज उलटा आजार बसतो.

ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारी आणि गुटखा. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन केलं, पुढच्या वर्षी जोशींनी भारतातून. गालाच्या आतलं अस्तर पांढरं, चिवट होतं, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग. सुपारीतलं अ‍ॅरिकोलिन फायब्रोब्लास्टना कोलाजेन विणायला लावतं. सुपारीत तांबं भरपूर, त्यामुळे कोलाजेनचे धागे एकमेकांना टाचणारं लायसिल ऑक्सिडेज जोरात येतं. टॅनिनमुळे तेच धागे कात्रीला दाद देत नाहीत. कमावलेलं चामडं का सडत नाही ते आठवा. वरून टिम्प वाढतात. विणकाम चालू आणि कात्री बोथट.

आणि यातूनच कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं माग ठेवला, ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाला. आम्ही अशा गालात काय टोचतो माहीत आहे? स्टेरॉइडसोबत हायल्युरोनिडेज. म्हणजे जाळं विरघळवणारं एन्झाइमच! तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलीत तशीच एक कात्री मी सिरिंजमध्ये भरते, फक्त ती कोलाजेन नाही, हायल्युरोनिक आम्ल कापते.

पेट्रीडिश सर, दात किडून हिरड्या सुटतात तिथे मात्र औषधवाल्यांची बाजू जिंकली आहे. डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. इतक्या कमी डोसला जंतू मरत नाहीत, पण हिरडीतलं कोलाजेन कापणारी एन्झाइमं शांत होतात. अमेरिकेत १९९८ पासून परवानगी आहे.

वाचनमात्र

दुरुस्ती: दात किडून हिरड्या सुटत नाहीत, हिरड्यांचा आजार वेगळा. हे तुम्हीच मला ओरडून सांगितलं होतं एकदा.

दाढदुखी

बरोबर. रात्री साडेअकराला टाइप केल्याचा परिणाम.

औषधवाला

ताई, तुमच्या मुद्द्यावरून कोणी ‘मग जाळं विरघळवा, कर्करोग आटोक्यात’ असं म्हणू नये म्हणून सांगतो: तेही करून झालंय. स्वादुपिंडाच्या गाठीभोवती हायल्युरोनिक आम्लाचा इतका दाट गर असतो की औषध आत शिरत नाही. म्हणून शिरेतून देता येईल असं हायल्युरोनिडेज बनवलं. उंदरांत सुंदर निकाल. २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्यात जगण्याचा मध्यक ११.२ महिने, आणि ते न घेणाऱ्यांचा ११.५.

पेट्रीडिश

कात्री काढून घेतली तरी तेच, कात्री दिली तरी तेच. औषधवाले, तुम्ही आत्ता माझीच बाजू मांडलीत!

औषधवाला

अजिबात नाही. मी म्हणतोय की दोन्ही वेळा उशीर झाला होता. ताईंचा आजार हे माझ्यासाठी सर्वांत चांगलं उदाहरण आहे: कर्करोग व्हायच्या कितीतरी वर्षं आधी जाळं बिघडलेलं डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं. हस्तक्षेप करायचा तर तिथे. तिथे कात्री वाढवायची की आवरायची हे मात्र अवयव बघून.

निळी_शाई

‘अवयव बघून’ला माझी सही. पण मग ‘एन्झाइम रोधक’ म्हणून एकच औषध विकायचं स्वप्न सोडा.

औषधवाला

ते स्वप्न विकणाऱ्या कंपन्यांनीच सोडलंय. मी अजून आवराआवर करतोय.

दाढदुखी

हस्तक्षेपाबद्दल एवढंच: उद्या सकाळी एकाचं सहावं इंजेक्शन आहे. पहिल्या दिवशी तोंडात दोन बोटंही आडवी जात नव्हती, आता जेमतेम जातात. खिशात पुडी अजून आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी २०१२ पासून. सुपारी आणि तंबाखू आता शेजारी शेजारी दोन वेगळ्या पुड्यांत मिळते, तळहातावर मिसळायची.