कारागिराने स्वतःचा नंबर दिला, तर पुढच्या वेळी ॲप टाळावे का?

प्रश्न:
स्वयंपाकघरातील नळ गळत होता म्हणून ॲपवरून प्लंबर बोलावला. त्याने स्पिंडल, म्हणजे नळाचा फिरता दांडा, बाहेर काढला, वॉशर जिथे टेकतो ती पितळी सीट एका बाजूने झिजल्याचे दाखवले आणि नवा नळ गळ्यात न मारता तीच सीट घासून सपाट करून दिली. निघताना मात्र तो हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी थेट फोन करा, तुम्हालाही स्वस्त पडेल." त्याचे म्हणणे रास्त वाटते, तरी मनात रुखरुख आहे. ॲप वगळल्याने माझे नेमके काय जाते?

प्रतिसाद १:
मी वायरमन असून दोन्ही प्रकारे कामे घेतो. काही ॲप प्रत्येक कामामागे कमिशन कापतात, तर काही ठिकाणी ग्राहकाचा नुसता संपर्क मिळवण्यासाठी आम्हालाच आधी पैसे भरावे लागतात आणि काम हुकले तरी ते बहुधा बुडतात. नंबर देण्याचा मोह होतो तो यामुळेच. पण बाहेर केलेले काम रेटिंगमध्ये धरले जात नाही आणि पकडले गेल्यास आयडी, म्हणजे ॲपवरचे आमचे खाते, बंद होतो. वर्षानुवर्षे जमवलेले चांगले शेरे दुसऱ्या ॲपवर नेण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे पुन्हा नवशिक्यासारखी सुरुवात करावी लागते. खाते बंद करण्याचा निर्णय संगणकीय यंत्रणेने परस्पर न घेता माणसाने घ्यावा, असे युरोपीय संघाच्या २०२४च्या निर्देशात म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

प्रतिसाद २:
ॲप वगळून परस्पर काम ठरवण्याची ही गळती जुनीच आहे. होमजॉय ही घरसफाईची अमेरिकी कंपनी २०१५मध्ये बंद पडली. कामगारांना कर्मचारी मानावे की स्वतंत्र व्यावसायिक, यावरचे खटले हे कंपनीने निर्णायक कारण सांगितले. परंतु ग्राहक आणि सफाई कामगार परस्पर जुळवून घेत, हेही तिचे दुखणे होतेच.
तुमचे जाते ते ओळख पडताळणी, कामाची हमी आणि तक्रारीची जागा. त्यातही हमीच्या अटी वाचून पाहा, कारण ती अनेकदा थोड्याच दिवसांची आणि केवळ मजुरीपुरती असते, सुट्या भागांची नसते. वॉशर बदलण्यासाठी मी बेधडक थेट फोन करीन. भिंतीतली वायरिंग किंवा गॅसची जोडणी असेल, तर नोंद राहिलेली बरी.

प्रश्नकर्ता:
आता गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते आहे. त्यालाच बोलवायचे आहे, पण त्याचा आयडी धोक्यात घालायचा नाही.

प्रतिसाद १:
जुन्या बुकिंगमध्ये जाऊन पाहा. बऱ्याच ॲपवर त्याच कारागिराला पुन्हा निवडता येते. काम त्याच्या नावावर जमा होईल आणि हमीही राहील. कमिशन जाईलच, तेव्हा बक्षिशी त्याच्या हातात रोख द्या. आणि तो येईपर्यंत ठिबकते म्हणून व्हॉल्व्हचे तोंड बंद करू नका. गीझरमधला जादा दाब तिथूनच बाहेर पडतो.