तुलूजच्या ओतेल दासेझाच्या चौकात एक बाजू अशी का?

निळाई_वेडी: फ्रान्समधल्या तुलूजला ओतेल दासेझा बघून आले. नाव ओतेल असलं तरी हॉटेल नाहीये हां, १६व्या शतकातल्या एका व्यापाऱ्याचा वाडा आहे, आता आत बेंबर्ग फाउंडेशनचं आर्ट म्युझियम आहे. चौकात उभं राहिलं की समोर लाल विटांची भिंत आणि त्यावर पांढऱ्या दगडाचे जोडखांब, एकावर एक तीन मजले, पण एका बाजूला मात्र नुसती भिंत आणि ब्रॅकेटवर तोललेली लांब गॅलरी. ही बाजू अशी का सोडली? पैसे संपले का?

विटामाती: पैसे आणि नशीब दोन्ही म्हण :) मालक पिएर दासेझा, पास्तेलचा बडा व्यापारी. १५५५ मध्ये काम काढलं, निकोला बाशलिए आर्किटेक्ट, तो मधेच वारला मग मुलगा दोमिनिकने पुढचं केलं. १५६२ मध्ये तुलूजमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगा पेटला, दासेझा प्रोटेस्टंट, त्याला शहर सोडावं लागलं आणि वाडा राहिला अर्धवट. खांब नीट बघितलेस का? खाली डोरिक, मधे आयोनिक, वर कोरिंथियन, या खांबांच्या जुन्या ग्रीक शैली, म्हणजे पुस्तकातला क्रम जसाच्या तसा. तुलूजला दगड लांबून आणावा लागायचा म्हणून घरं विटांची, त्यामुळे दगडाचे एवढे खांब म्हणजे सरळसरळ श्रीमंतीचा दिखावा. कोपऱ्यातला जिन्याचा टॉवर पण तसाच, दासेझा कापितुल होता ना, म्हणजे शहराच्या कारभारी मंडळात, आणि टॉवर ही त्या लोकांची मिरवायची खूण.

चौकटराजा: पास्तेल म्हणजे खडू नव्हे बरं का, पिवळ्या फुलांचं झाड. पानं दळून लाडवासारखे गोळे वळायचे, वाळवायचे, परत फोडून भिजवून आंबवायचे, तेव्हा कुठे निळा रंग. वास भयंकर असणार! त्या गोळ्यांना कोक म्हणायचे, त्यावरून तो भाग 'पेई द कोकान्य', सुबत्तेचा देश. लोक म्हणतात भारतातल्या निळीने धंदा बुडवला, पण मला ते अर्धंच पटतं, कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांनी आधीच कंबरडं मोडलं होतं, नीळ नंतर जोरात आली.

निळाई_वेडी: अरे वा, म्हणजे आपल्या निळीवर उगाच आळ! आणि मी त्या रिकाम्या भिंतीचा एकही फोटो काढला नाही, सगळे खांबांचेच 😑

विटामाती: सगळे तेच करतात. दासेझाने खांब त्यासाठीच लावले होते.