२.४ एटीएला ९० मिनिटं: एअर ब्रेक गाळावा का, आणि आकडी आली तर आधी काय करायचं?

व्हॉल्व्हवाला

जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या उपचाराचं (हायपरबॅरिक) चेंबर, मोनोप्लेस म्हणजे एकाच पेशंटचं, ऑक्सिजननेच भरणारं. प्रोटोकॉल २.४ एटीए (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २.४ पट), ३० मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये ५-५ मिनिटं मास्कमधून हवा (एअर ब्रेक). काही पेशंटना मास्क नकोसा होतो, ब्रेक नको म्हणतात. तीन प्रश्न:

१. ब्रेक गाळून प्रेशर २.० वर ठेवलं तर चालेल का?
२. ऑक्सिजनच्या अतिरेकाने आकडी आल्यावर लगेच प्रेशर उतरवायचं की नाही? दोन्ही मतं ऐकली आहेत.
३. ओटीयू (फुप्फुसांवरचा ऑक्सिजनचा भार मोजायचं एकक) मोजण्यात अर्थ आहे का?

काचेपलीकडे

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथली चूक महागात पडते. आकडी चालू असताना प्रेशर उतरवायचं नाही. आहे तिथेच धरून ठेवायचं. शरीर ताठ झालेलं असताना श्वास कोंडलेला असू शकतो. त्यात प्रेशर कमी केलं तर छातीतला वायू फुगतो आणि बाहेर पडायला वाट नसते. फुप्फुस फाटणं, न्युमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं), रक्तात हवेचे बुडबुडे जाणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. आकडी बहुतेकदा आपोआप थांबते, फुटलेलं फुप्फुस थांबत नाही.

क्रम असा: वेळ नोंदवा, डॉक्टरांना हाक मारा, प्रेशर धरा. मल्टिप्लेसमध्ये (अनेक पेशंटच्या चेंबरमध्ये) आतला अटेंडंट लगेच ऑक्सिजनचा मास्क किंवा हुड (डोक्यावरचं आवरण) काढतो, काम संपलं. मोनोप्लेसमध्ये पेशंट ऑक्सिजनमध्येच पडलेला असतो. हवेवर वळवायची सोय असेल तर वळवा, पण आतला वायू बदलायला वेळ लागतो, त्यावर विसंबू नका. झटके थांबून छाती नियमित वरखाली होताना काचेतून दिसली की मगच प्रेशर उतरवायला घ्या. यानंतर पेशंट थोडा वेळ गोंधळलेला असतो, तेव्हा बाहेर काढताना दोन माणसं हवीत.

आकडीआधीची लक्षणं ओळखता आली तर उत्तम: ओठाचा कोपरा किंवा गालाचा स्नायू उडणं, कानात गुणगुण, दृष्टी आजूबाजूने आक्रसणं, मळमळ, चक्कर, विनाकारण चिडचिड. ओठ उडाले की ऑक्सिजन बंद, बाकी चर्चा नंतर. मात्र सगळ्यांना आधी लक्षणं येतातच असं नाही. कित्येकांना थेट आकडीच येते. म्हणून स्क्रीनकडे नाही, चेहऱ्याकडे बघत बसायचं. शिवाय हवेवर वळवल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतही आकडी येऊ शकते, त्यामुळे ब्रेक सुरू झाला म्हणून नजर काढू नका.

पहिला प्रश्न: २.० ला ब्रेकशिवाय ९० मिनिटं बऱ्याच ठिकाणी देतात आणि तिथे धोका कमीच असतो. पण २.४ का २.० हे आजारावर ठरतं. पेशंटला मास्क आवडत नाही म्हणून ऑपरेटरने डोस बदलायचा नसतो. २.४ वर असाल तर ब्रेक गाळू नका. त्या ५ मिनिटांत मुक्त रॅडिकल्सचा (ऑक्सिजनपासून बनणाऱ्या, पेशींना इजा करणाऱ्या कणांचा) मारा थांबतो, पेशींच्या संरक्षणाला सावरायला वेळ मिळतो, आणि पुढची फेरी त्यामुळे सोसते. २.४ एटीएला हवा घेतली तरी ऑक्सिजनचा दाब ०.५ एटीए राहतो, म्हणजे ब्रेकमध्ये पेशंटला ऑक्सिजन कमी पडत नाही.

नायट्रॉक्स_३२

ओटीयूबद्दल. सूत्र: मिनिटं × ((दाब − ०.५) ÷ ०.५)^०.८३. तुमच्या २.४ ला मिनिटाला जवळपास ३, म्हणजे ९० मिनिटांना सुमारे २७३. दिवसाची मर्यादा ६१५ धरतात (व्हायटल कपॅसिटी, म्हणजे एका दमात बाहेर टाकता येणारी जास्तीत जास्त हवा, साधारण २ टक्के घटते तो टप्पा). एका सत्रात तुम्ही लांब आहात. दिवसात दोन सत्रं किंवा लांब उपचार टेबल असेल तर मोजा.

पण हा आकडा फुप्फुसांचा आहे. आकडीबद्दल तो काहीच सांगत नाही. डायव्हिंगमध्ये आम्ही ऑक्सिजनच्या दाबात काम करताना १.४ बार आणि डिकोला (वर येताना घेतलेल्या थांब्यांना) १.६ बार एवढ्यावर थांबतो, म्हणून ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ३३ मीटरच्या खाली नेत नाही आणि शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली नाही. चेंबरमध्ये २.४ चालतं ते पेशंट कोरडा, निवांत पडलेला असतो म्हणून. पाण्यात हातपाय मारत असताना त्याच दाबाला आकडी आली तर रेग्युलेटर तोंडातून निसटतो.

साखर_आधी

वरचं सगळं बरोबर, पण आकडी बरेचदा चेंबरचं दार लागायच्या आधीच ठरलेली असते.

मधुमेही पेशंटची साखर दार लावण्याआधी मोजा. बहुतेक ठिकाणी १०० ते १२० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खायला देऊन पुन्हा मोजतात. उपचारात साखर आणखी उतरते, आणि ती उतरल्याची आकडी ऑक्सिजनच्या आकडीसारखीच दिसते. ताप असेल तर आधी ताप उतरवा. औषधांत ट्रामाडॉल, ब्युप्रोपिऑन, स्टेरॉइड, सर्दीवरचं स्यूडोएफेड्रिन विचारा. पूर्वी ब्लिओमायसिन (कॅन्सरवरचं औषध) घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यात धोका फुप्फुसांना असतो.

आणि कार्बन डायऑक्साइड. जास्त ऑक्सिजनने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, तीच मेंदूची ढाल. कार्बन डायऑक्साइड साठला की त्या पुन्हा रुंदावतात आणि मेंदूला जास्त ऑक्सिजन पोचतो. म्हणून सीओपीडीवाल्यांवर (श्वासमार्ग अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांवर) जास्त लक्ष, आणि हुड वापरत असाल तर प्रवाह कमी करून गॅस वाचवू नका.

व्हॉल्व्हवाला

आभार. एक राहिलं: ब्रेकमध्ये मास्क घट्ट बसला की नाही हे बाहेरून कसं कळणार?

काचेपलीकडे

फुगा बघा. पेशंटने श्वास आत घेतला की रिझर्व्हॉयर बॅग थोडी दबली पाहिजे. ती कडक फुगलेलीच राहिली तर तो कडेच्या फटीतून चेंबरमधला ऑक्सिजनच ओढतोय, म्हणजे ५ मिनिटांचा ब्रेक झालाच नाही. दाढी आणि सैल पट्टा ही नेहमीची कारणं. त्वचेवरचा ऑक्सिजन मॉनिटर लावला असेल तर आकडा ब्रेकमध्ये ठळक खाली यायला हवा. आणि हवेच्या सिलिंडरचा गेज दार लावण्याआधी बघा. प्रेशरवर गेल्यावर तो रिकामा निघाला तर ब्रेक द्यायला काहीच उरत नाही.

मास्कचा कंटाळा करणाऱ्यांना बाहेरच, साध्या हवेत, दोन मिनिटं तो लावून सराव द्या. निम्मी कुरकुर तिथेच संपते.