मोंटानात पाहुण्यांना शिकारीला घेऊन जाण्यासाठी परवाना कोणाला आणि कोणता लागतो?

गॅलॅटिनकाठी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा. सध्या पत्नीसह मोंटाना राज्यात, बोझमन शहराच्या दक्षिणेला, लाकडी खोल्या पाहुण्यांना भाड्याने देण्याचा छोटासा व्यवसाय चालवतो. उन्हाळ्यात येलोस्टोन पाहायला जाणारे पर्यटक आमच्याकडे उतरतात. ऑक्टोबरअखेरीस बंदुकीचा हंगाम उघडला की पुढचे पाच आठवडे मिनेसोटा, विस्कॉन्सिन अशा राज्यांतून एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी येणारी मंडळी खोल्या घेतात. पहाटे न्याहारी आणि बरोबर डबा इतकेच त्यांना हवे होते, तोवर काही प्रश्न नव्हता. आता मात्र कोणी पायवाट सुरू होते तिथपर्यंत गाडीने सोडा म्हणतो, कोणाला मारलेले जनावर खाली आणायला घोडे हवे असतात, तर कोणी वाट दाखवणारा माणूस मागतो.

आमच्या शेजारच्या रँचचे (गुरे पाळण्याच्या मोठ्या शेताचे) मालक जन्मापासून याच डोंगरांत वावरलेले आहेत आणि पाहुण्यांना सोबत घेऊन जायला ते तयार आहेत. आम्ही खोलीचे भाडे थोडे वाढवावे आणि पाहुण्यांनी त्यांना खुशीने काय ते बक्षीस द्यावे, म्हणजे 'धंदा' असे त्याला म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मिझूला येथे विद्यार्थी व्हिसावर शिकणारा माझा भाचाही सुट्टीत मदतीला यायला उत्सुक आहे. यांपैकी कोणत्या गोष्टी लॉजिंगच्या व्यवसायात बसतात आणि कोणत्या ठिकाणी आम्हाला आउटफिटरचा परवाना काढावा लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रानवाट

मी मोंटानात एका परवानाधारक आउटफिटरकडे हंगामी गाइड म्हणून काम करतो, त्यामुळे या कायद्याशी माझा नेहमी संबंध येतो. राज्याच्या कायद्यातील आउटफिटरची व्याख्या एकदा नीट वाचली की आपले बहुतेक प्रश्न सुटतील. मोबदला घेऊन शिकारीसाठी किंवा मासेमारीसाठी स्वारीची अथवा ओझ्याची जनावरे, तळाचे सामान, वाहन, निवास किंवा वैयक्तिक सेवा पुरवणारी, आणि त्या मोहिमेत गिऱ्हाइकाच्या सोबत पूर्ण वाट किंवा वाटेचा काही भाग जाणारी, किंवा सोबत जाणाऱ्या गाइडवर देखरेख ठेवणारी व्यक्ती म्हणजे आउटफिटर. यात दोन अटी एकत्र आल्या आहेत, त्या म्हणजे मोबदला आणि सोबत. नुसती खोली, न्याहारी आणि डबा देणारा माणूस सोबत जात नाही, म्हणून तो या व्याख्येबाहेर राहतो. गाडीने सोडण्याचे प्रकरण मात्र नाजूक आहे, कारण 'वाटेचा काही भाग' हे शब्द कायद्यात आहेत. गावातल्या दुकानापर्यंत सोडणे वेगळे आणि पहाटेच्या अंधारात बंदुकांसह पाहुण्यांना डोंगराच्या तोंडाशी नेऊन, वर कोणत्या खोऱ्यात जायचे ते सांगून, संध्याकाळी परत आणायला जाणे वेगळे. हे दुसऱ्या प्रकारचे काम करण्याआधी मी तरी राज्याच्या आउटफिटर मंडळाकडून लेखी उत्तर मागवीन. हे मंडळ मत्स्य व वन्यजीव खात्याचे नसून श्रम व उद्योग खात्याच्या अखत्यारीत येते. पुष्कळ लोक चुकीच्या खात्यात चकरा मारतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता आपल्या शेजाऱ्यांविषयी. त्यांच्यासाठी कायद्यात खरोखरच एक सवलत आहे. जी जमीन स्वतःच्या मालकीची आहे आणि मुख्यतः प्रामाणिक शेती-पशुपालनासाठी आहे, त्या जमिनीवर सेवा देणाऱ्या मालकाला आउटफिटरच्या व्याख्येतून वगळलेले आहे. स्वतःच्या रँचवर पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवायला त्यांना आउटफिटरचा परवाना लागत नाही. पण ही सवलत त्यांच्या कुंपणापाशी संपते. एल्क हंगामात सकाळी रँचच्या गवतात चरतात आणि पहिला बार झाला की कुंपण ओलांडून वर जंगलात शिरतात. पाहुण्यांना घेऊन त्यांच्यामागे वर गेलेला शेजारी त्या क्षणापासून विनापरवाना आउटफिटर ठरतो. भाडेपट्ट्याने घेतलेली कुरणेही 'मालकीची जमीन' नव्हेत. आपल्या खोल्यांची जागा शेतजमीन नसल्यामुळे ही सवलत आपल्याला स्वतःला लागू होण्याचा प्रश्नच नाही.

बक्षिसाच्या युक्तीवर मी विसंबणार नाही. खोलीचे भाडे नेमके सोबत मिळणाऱ्या पाहुण्यालाच जास्त लावले, तर तो फरक कशाचा होता हे कोणत्याही तपासनिसाच्या लगेच लक्षात येईल.

परवाना काढायचाच असेल, तर गाइड आणि आउटफिटर यांतला फरक ध्यानात घ्यावा. गाइडचे वय किमान 18 असावे, त्याच्याकडे राज्याचे कॉन्झर्व्हेशन लायसन्स (वन्यजीव संवर्धनाचा मूळ परवाना) आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असावे आणि परवानाधारक आउटफिटरने त्याची शिफारस केलेली असावी. गाइड कायम कोणा ना कोणा आउटफिटरच्या हाताखाली काम करतो. त्याला स्वतःच्या नावावर गिऱ्हाईक घेता येत नाही. आउटफिटर होण्यासाठी आधी गाइड म्हणून अनुभव घ्यावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, सामानसुमान मालकीचे किंवा लेखी कराराने घेतलेले असल्याचे दाखवावे लागते, विमा उतरवावा लागतो आणि आपण कोणत्या जमिनीवर कोणती सेवा देणार याचा आराखडा मंडळाला सादर करावा लागतो. म्हणजे हा परवाना शुल्क भरून एका हंगामात पदरात पाडून घेता येत नाही.

नकाशेवाला

वरच्या उत्तराला पुरवणी म्हणून जमिनीविषयी लिहितो, कारण राज्याचा परवाना मिळाला की काम झाले असा सर्वसाधारण समज आहे आणि तो खरा नाही. आपल्या भागातील डोंगरांचा मोठा हिस्सा कस्टर गॅलॅटिन राष्ट्रीय वनात येतो. तिथे पैसे घेऊन लोकांना नेण्यासाठी संघराज्याच्या वनसेवेची विशेष वापर परवानगी वेगळी लागते. तात्पुरती परवानगी थोड्या दिवसांची असते. नियमित परवानगी 10 वर्षांपर्यंत मिळू शकते, परंतु एखाद्या खोऱ्यात किती व्यावसायिक वापर होऊ द्यायचा याला मर्यादा असल्यामुळे नव्या माणसाला जागा मिळणे कठीण असते. म्हणूनच जुन्या आउटफिटरचा व्यवसाय विकत घेताना लोक घोड्यांपेक्षा त्या परवानगीकडे पाहून किंमत ठरवतात. अर्थात, व्यवसाय विकला म्हणून परवानगी आपोआप नव्या मालकाकडे जात नाही; ती वनसेवेने नव्याने द्यावी लागते.

घोड्यांविषयी आपण विचारलेच आहे. मारलेला एल्क चार पायांचे चार भाग आणि मान असा सुटा करून, खोगिराच्या दोन्ही बाजूंना वजन तोलून खाली आणावा लागतो. अशा वाहून आणण्याचे पैसे घेतले, तर शिकार आधीच झालेली असली तरी वनजमिनीवरचा तो व्यावसायिक वापरच धरला जातो. ली मेटकाफ वन्यक्षेत्रात मोटार वाहनांना बंदी असल्यामुळे तिथे घोडे-खेचरांची मागणी मोठी असते. परवानगीशिवाय पैसे घेण्याचा मोहही तिथेच होतो. राज्याच्या शाळा-निधीच्या जमिनींसाठी (ज्यांचे उत्पन्न शाळांना जाते) पुन्हा निराळी परवानगी आहे. पायवाटेवर उभे राहिल्यावर या सगळ्या जमिनी सारख्याच दिसतात, तेव्हा मालकीच्या सीमा दाखवणारा नकाशा फोनमध्ये ठेवल्याशिवाय कोणालाही सोबत नेऊ नये.

कायदेपंडिता

मी अमेरिकेत वकिली करते, पण माझे क्षेत्र स्थलांतर कायद्याचे आहे. खालील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा आणि प्रत्यक्ष निर्णयाआधी स्थानिक वकिलाला भेटावे.

विनापरवाना गाइडिंग हा केवळ राज्यापुरता किरकोळ गुन्हा समजू नये. वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा संघराज्याचा लेसी कायदा मूळचा 1900 सालचा आहे. बेकायदा शिकारीसाठी पैसे घेऊन गाइड किंवा आउटफिटरची सेवा देणे म्हणजे त्या वन्यजीवाची 'विक्री' करणे, असे तो मानतो. आपले पाहुणे मिनेसोटाचे आहेत, म्हणजे मांस आणि शिंगे राज्याची हद्द ओलांडणार हे उघड आहे. जाणूनबुजून केलेल्या अशा व्यवहाराची किंमत 350 डॉलरपेक्षा जास्त असेल, तर प्रकरण संघराज्याच्या गंभीर गुन्ह्यात मोडू शकते आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपण स्वतः ग्रीन कार्डावर असाल तर अशा गुन्ह्याचा आपल्या वास्तव्यावर काय परिणाम होईल, याचाही विचार करावा.

भाच्याच्या बाबतीत माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीने परवानगीशिवाय विद्यापीठाबाहेर काम करणे नियमबाह्य आहे. रोख बक्षीस किंवा फुकट राहणे-जेवणे हाही कामाचा मोबदला धरला जाऊ शकतो. शिवाय, बिगरस्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणे हा या मनाईला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. पाहुण्याची बंदूक गाडीत चढवून देण्याइतक्या साध्या मदतीतही हा प्रश्न उभा राहू शकतो. भारतातून पर्यटक व्हिसावर आलेल्या नातेवाइकाच्या हाती 'सहज' बंदूक देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण देणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो.

बॉयसीकर

मी शेजारच्या आयडाहोत राहतो. वरील व्याख्या मोंटानाची आहे; ती घेऊन कोणी दुसऱ्या राज्यात जाऊ नये. आमच्याकडे आउटफिटर व गाइड परवाना मंडळाच्या कक्षेत शिकार आणि मासेमारीबरोबरच नदीतील नौकाविहार आणि डोंगर-वाळवंटातील धोक्याच्या सफरीही येतात, तसेच आउटफिटरला नेमून दिलेल्या क्षेत्रातच काम करता येते. वायोमिंगमध्ये तर उलट बाजूने सक्ती आहे. परराज्यातील शिकाऱ्याला संघराज्याने घोषित केलेल्या वन्यक्षेत्रात एल्कसारख्या मोठ्या जनावराची शिकार करायची असल्यास परवानाधारक गाइड सोबत असावाच लागतो, किंवा वायोमिंगचा रहिवासी सोबती लागतो. त्या सोबत्याला मोफत परवाना मिळतो, मात्र तो मोबदला घेऊ शकत नाही. अलास्कात तपकिरी अस्वल, डाल मेंढी आणि पहाडी बकरी यांच्यासाठी परराज्यातील शिकाऱ्याला गाइड किंवा जवळचा रहिवासी नातेवाईक सोबत न्यावा लागतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा व्यवसायच उरला नाही, त्यामुळे ताडोबात वनखात्याकडे नोंदवलेला गाइड सोबत घेऊन जिप्सीतून फिरणे एवढीच या विषयातली आपली ओळख असते. इथे मात्र 'ओळखीचा माणूस दाखवेल की डोंगर' हा आपला घरगुती हिशेब चालत नाही.

गॅलॅटिनकाठी

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याला आजच कळवले आहे. शेजाऱ्यांनाही कुंपणाची गोष्ट समजावून सांगितली. ती त्यांना आधीपासून माहीत होती, असे त्यांच्या हसण्यावरून वाटले. आता शेवटचा प्रश्न असा, की एखाद्या परवानाधारक आउटफिटरशी जोडून घेऊन आम्ही फक्त खोल्या आणि जेवण दिले, तर काय काळजी घ्यावी?

रानवाट

हाच मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो आणि आमच्याकडे पुष्कळ लॉज असेच चालतात. शिकारीचा करार आणि त्याचे पैसे पाहुणा आणि आउटफिटर यांच्यात राहू द्यावेत. आपले बिल खोली व जेवणाचे वेगळे असावे. आउटफिटरचा परवाना चालू आहे की नाही, हे श्रम व उद्योग खात्याच्या संकेतस्थळावर नाव घालून दर हंगामाआधी तपासावे आणि तो ज्या खोऱ्यात जातो तिथली वनसेवेची परवानगी प्रत्यक्ष पाहून घ्यावी. आपल्या संकेतस्थळावर 'आम्ही शिकारीला नेतो' अशा अर्थाचे एकही वाक्य ठेवू नये.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट पाहुण्यांना आधीच लेखी कळवावी. पूर्वी आउटफिटरमार्फत येणाऱ्या परराज्यातील शिकाऱ्यांसाठी शिकारीचे परवाने राखून ठेवलेले असत. 2010 च्या जनमत कौलाने, म्हणजे आय-161 ने, ती पद्धत बंद झाली. आता त्यांनाही 1 एप्रिलपर्यंत अर्ज करून सोडतीत उतरावे लागते. नाव लागले नाही तर आगाऊ रक्कम परत मिळणार की नाही, हे आउटफिटरने त्याच्या करारात आणि आपण आपल्या आरक्षणाच्या अटींत स्वतंत्रपणे लिहावे, नाहीतर मे महिन्यात दोघांचेही फोन वाजत राहतात. विमा कंपनीलाही शिकारी पाहुण्यांविषयी आधीच कळवावे. लॉजिंगच्या साध्या पॉलिसीत भरलेल्या बंदुका खोलीत आणण्याविषयी काय लिहिले आहे, ते हंगाम सुरू होण्यापूर्वी वाचून घ्यावे.